मे महिन्यातला स्वेटर

दिवाळी अंकात आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त न्यायाधीश असावा, नाहीतर सर्जन, गेला बाजार मुख्याध्यापक तरी. मी टेम्पो चालवतो. मार्केट यार्डातून बटाटा उचलायचा आणि पुण्यात जिथे जिथे गाडी लावायला जागा नाही तिथे नेऊन उतरवायचा, हा माझा धंदा. पण या अंकाच्या संपादकांनी घर बदललं तेव्हा त्यांचं सामान माझ्या टेम्पोतून गेलं, आणि त्यांचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं की वरचा खाली येईना, खालचा वर जाईना. अशा वेळी माणसं जवळ येतात. संपादकांनी विचारलं, "तुम्ही सगळं डाव्या हातानंच का उचलता हो?" मी सांगायला सुरुवात केली. कपाट सुटलं, गोष्ट काही सुटेना. "उरलेली लिहून द्या," म्हणाले, "पण जरा खरी लिहा."

प्रयत्न करतो. यातलं निम्मं खरं धरा. उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे, पण त्याला साक्षीदार नाहीत.

मी टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये शेवटची ओव्हर टाकायचो. एवढंच. बॅटिंगला अकरावा, फिल्डिंगला जिथे बॉल येत नाही तिथे, आणि सामन्याची शेवटची ओव्हर माझी. ऐन तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत दर रविवारी हेच केलं. धायरीच्या संघाकडून तर खेळलोच, पण लोक मला बोलावून न्यायचे. लग्नात जसा वाढपी बाहेरून आणतात, तसा शेवटच्या ओव्हरला मी. मानधन मिळायचं, जेवण मिळायचं आणि मिक्सर मिळायचे. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक भाऊंना आणि दादांना सामनावीराला मिक्सरच द्यावासा का वाटतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या घरात माणसांपेक्षा मिक्सर जास्त झाले. सुरेखा, म्हणजे माझी बायको, पुण्याची असल्यामुळे रागावत नाही, नुसतं बोलते. "अहो, मिक्सर झाले," म्हणाली, "आता एकदा वाटायला खोबरंही जिंकून आणा."

ज्यांनी क्रिकेट फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा सामना आठ ओव्हरचा. पहिली ओव्हर टाकणाऱ्याला चूक परवडते, भरून काढायला पुढे सगळा सामना पडलेला असतो. सातवी टाकणाऱ्यालाही परवडते, कारण त्याच्यामागे मी असतो. माझ्यामागे कोणी नसायचं. माझ्यामागे थेट बक्षीस समारंभ.

लोकांना वाटतं बॉल टाकणं हे काम. बॉल टाकणं ही त्यातली मजा होती. काम म्हणजे वाट पाहणं. तुम्ही सकाळी मैदानावर जाता. बाकीचे पळतात, आपटतात, भांडतात, अंपायरच्या सात पिढ्यांची चौकशी करतात. तुम्ही सीमेवर उभे. तुमची वेळ चांगल्या दिवशी येतच नाही. सामना आरामात जिंकत असलो तर कप्तान मला बोलवायचाच नाही, कोणाकडूनही ओव्हर उरकून घ्यायचा. सगळं विस्कटलं, सगळ्यांनी आपापली माती खाल्ली, की मग माझी आठवण. मला आयुष्यात कोणी आनंदात बोलावलेलं नाही. माझ्याकडे येणारा माणूस नेहमी घाबरलेला असायचा. डॉक्टरांचं आणि माझं हे एक साम्य. पण डॉक्टर निदान तपासून पाहतात, मला थेट ऑपरेशन.

आता बॉल. टेनिसच्या नव्या बॉलला केस असतात. तो उसळतो, हवेत पळतो, बॅटवर सुरेख येतो. आठव्या ओव्हरपर्यंत माती आणि बॅट खाऊन तो टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत होतो. टकला बॉल माझा. तो जमिनीला चिकटून थांबतो. वेगात हात फिरवायचा आणि बॉल मात्र बोटांमधून हळूच सोडायचा. बॅट फिरून जाते, बॉल मागाहून पाहुण्यासारखा येतो आणि स्टंपांना टेकतो. माझा एक हळू बॉल इतका हळू होता की फुरसुंगीच्या एका बॅट्समनने तो येईपर्यंत दोनदा बॅट फिरवली, घाम पुसला आणि तरी आउट झाला. हे खरं आहे. घाम पुसला नसेल.

पण त्यासाठी खांदा गरम लागतो. बाकीचे बोलर पळून पळून गरम झालेले असतात, मी तासभर दगडासारखा उभा. म्हणून मी स्वेटर घालायला लागलो. हिवाळ्यात फुटपाथवर स्वेटर विकायला बसतात ना, त्यांच्याकडून घेतलेला, किरमिजी रंगाचा, कोपराला विरलेला. एप्रिल-मेच्या उन्हात, जिथे अंपायरसुद्धा टोपीखाली ओला रुमाल ठेवतो, तिथे मी स्वेटर घालून सीमेवर. पहिल्या वर्षी लोक हसले. माइकवर बोलणारा म्हणाला, "धायरीकरांनी एक पेशंट आणलेला दिसतो." दुसऱ्या वर्षी कोणी हसलं नाही. तिसऱ्या वर्षापासून स्वेटरला माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखायला लागले.

आमचा कप्तान बापू. धायरी खेडं होतं तेव्हापासूनचा धायरीचा. त्यांच्या शेतात आता बारा मजले उभे आहेत आणि बापू त्यातल्या चौथ्यावर राहतो. म्हणतो, "इथंच माजी म्हस बांधल्याली असायची, ह्या बाथरूमच्या बरोब्बर खाली." बापू विकेटकीपर. आवाज असा की मांजरीत ओरडला तर हडपसरात फिल्डर सावध व्हायचे. पण शेवटच्या ओव्हरला हा माणूस मुका व्हायचा. ती आमची रीत होती, आणि तिचं कारण सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

अगदी सुरुवातीला आमचा कप्तान दुसरा होता, भला माणूस, बँकेत कारकून. शेवटच्या ओव्हरला माझ्या हातात बॉल देताना त्याने प्रेमाने विचारलं, "दामू, जमेल ना?" बस्स. तोपर्यंत मला न जमण्याचा विचारही शिवला नव्हता. त्याने विचारलं आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की हे न जमणंही शक्य आहे. मग असे वाइड टाकले की लेगच्या अंपायरला उडी मारावी लागली. सामना गेला. बापू कप्तान झाला त्या दिवशी त्याने नेम केला: शेवटच्या ओव्हरवाल्याला विचारायचं नाही, सांगायचं नाही, धीर द्यायचा नाही. जवळ जायचं, बॉल हातात ठेवायचा, पाठ फिरवायची. मी स्वेटर काढून अंपायरकडे द्यायचो आणि टाकायला लागायचो. इतक्या वर्षांत त्या क्षणी आमच्यात एक शब्द झाला नाही. आणि रीत एकदा वाढायला लागली की वेलासारखी वाढते. पुढे पुढे बापू सामन्याच्या आदल्या दिवशीही शेवटच्या ओव्हरचं नाव काढू देईना. मग आठवडाभर आधीपासून. मग कधीच.

माझ्या गोष्टी सांगायच्या तर अंक पुरणार नाही, एकच सांगतो. मार्केट यार्डातल्या हमालांचा एक संघ होता. बटाट्याची पोती पाठीवर घेऊन दिवसभर चालणारी माणसं, त्यांच्या हातात बॅट म्हणजे झाडू. त्यांच्यात एक ज्ञानबा होता, खांदे दाराला आडवे लागतील असे. शेवटच्या बॉलला सहा हवे होते. मी माझा हळू बॉल टाकला, त्याने तो असा हाणला की बॉल मधोमध फाटला. अर्धा भाग सीमेपार गेला. दुसरा अर्धा मिड-ऑफच्या हातात अलगद येऊन पडला. आता सांगा. सहा की आउट? दोन्ही अंपायर, कमिटी आणि स्पर्धेला नाव दिलेले भाऊ स्वतः असे सगळे मांडवात बसले, चहा झाला, आणि निकाल आला: निम्मे म्हणजे तीन रन, आणि ज्ञानबा निम्मा आउट. ज्ञानबा शांतपणे म्हणाला, "मंग मी निम्माच जातो," आणि पिचच्या मध्यावर जाऊन बसला. उठेचना. त्याला बाजूला करायला त्याच्याच संघातली माणसं लागली. सामना आम्ही जिंकला. तो फाटका अर्धा बॉल मी पुढे मिठाचं भांडं म्हणून वापरला असता, पण सुरेखाने बाहेर फेकला.

आता सातव्या ओव्हरबद्दल. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि तीही समोरच्या एका बॅट्समनच्या बोलण्यातून सहज, त्याने मुद्दाम कळवली नाही. माझं नाव झाल्यावर समोरचे संघ सातव्या ओव्हरला वेड्यासारखे खेळायला लागले. का? कारण आठवी स्वेटरवाल्याची. त्याच्या ओव्हरला रन मिळणार नाहीत, तेव्हा जे काय करायचं ते आत्ता. मग कोणीही उठून बॅट फिरवायचा, धडाधड विकेट पडायच्या. सातवी टाकणारा आपल्याला वाटायचं तेवढा चांगला नव्हता. तो टाकत असताना बॅट्समन त्याच्या डोक्यावरून सीमेकडे बघत असायचे, तिथल्या किरमिजी ठिपक्याकडे. कितीतरी सामने असे संपले की मी स्वेटर काढलाच नाही. मिक्सर मात्र मलाच मिळाला.

तर असा मी, आणि तीन वर्षांपूर्वी माझा खांदा गेला.

एकदम नाही गेला. आधी माळ्यावरचा डबा काढता येईना. सुरेखा खाली उभी. "अहो, आख्ख्या हवेली तालुक्याला आउट काढता म्हणे," म्हणाली, "रव्याचा डबा निघेल का तेवढा?" नाही निघाला. मग शर्ट घालताना उजवी बाही आधी घालावी लागायला लागली. मग रात्री कुशीवर झोप लागेना. सुरेखाने ओढून सिंहगड रोडवरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. लहानशा वयाच्या, चष्मा लावलेल्या, बोलायला गोड. "काका, हात वर करा." मी केला. "काका, वर." मी म्हटलं, हा वरच आहे. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली, मग खुर्ची जवळ ओढून सांगितलं की आतला स्नायू अर्ध्याहून जास्त फाटलाय. व्यायामाने रोजचं काम निभेल, स्टिअरिंग फिरेल. "पण जोरात एक बॉल टाकलात आणि उरलेला फाटला, तर टेम्पो विसरा." मी विचारलं, हळू बॉल टाकला तर? त्या म्हणाल्या, "हात तर जोरातच फिरवता ना?" पोरीला क्रिकेट कळत होतं.

तेव्हाच थांबायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. सुरेखाही म्हणाली. मीही म्हणालो. प्रश्न एवढाच होता की बापूला सांगायचं कसं, कारण ज्या विषयावर बोलायचं नाही असा नेम, तोच विषय.

मी प्रयत्न केले. धायरी फाट्यावर चहाला बसलो असताना म्हटलं, "बापू, शेवटच्या ओव्हरचं जरा—" बापूने बशी खाली ठेवली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. त्याच्या भाच्याच्या वास्तुशांतीला पंगतीत शेजारी बसलो. म्हटलं, इथून उठून कुठे जाणार? "बापू, माझा खांदा—" म्हणेपर्यंत त्याने ओरडून वाढप्याला बोलावलं आणि माझ्या पानात इतकी जिलबी वाढायला लावली की तोंड उघडलं तर जिलबीसाठीच. एकदा त्याला टेम्पोत बसवून खेड-शिवापूरकडे नेलं, चालत्या गाडीतून उतरणार नाही म्हणून. त्याने रेडिओ मोठा केला, आणि टोल येईपर्यंत शेतकऱ्यांसाठीचा खतांचा कार्यक्रम ऐकला. बापूने शेत विकून वर्षं झाली होती.

म्हणून मग चालत राहिलं. माझा खांदा गेल्याची बातमी माझ्या नावापर्यंत पोहोचली नव्हती. मी स्वेटर घालून उभा राहायचो, सातव्या ओव्हरला समोरचे आपणहून कोसळायचे. दोन-चारदा टाकावी लागली, तर हात कानाऐवजी खांद्याच्या रेषेतून फिरवून टाकली, आणि बॅट्समनना वाटलं स्वेटरवाल्याने नवीन काहीतरी काढलंय. एकाने तर सामन्यानंतर येऊन विचारलं, "काका, हा कोणता बॉल?" मी गंभीरपणे म्हटलं, अजून नाव ठेवलेलं नाही. रात्री बर्फाची पिशवी घेऊन बसलो होतो तेव्हा सुरेखा म्हणाली, "मी सुचवू का नाव?"

या वर्षी मेमध्ये मांजरीच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. मांजरीचं मैदान म्हणजे उसाच्या दोन फडांमधला मोकळा तुकडा. तिथला चषक धायरीने कधीच जिंकलेला नव्हता, आणि या वर्षी नाही तर कधीच नाही, कारण मैदानाच्या कडेला बिल्डरचा पत्रा उभा राहिलेला होता. बापूला तो चषक किती हवा होता ते सांगायला नको. पण सकाळी घरातून निघताना मी सुरेखाला शब्द दिला होता: आज काही झालं तरी टाकणार नाही. बापूने बॉल हातात ठेवला, तर तो परत करायचा. तिने डबा हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "टेम्पोचे हप्ते तुमचा स्वेटर भरणार नाही."

मी सीमेवर उसाला पाठ लावून उभा. आमचे रन बरे झाले होते. समोर मांजरीचाच संघ. सहा ओव्हरनंतर त्यांना अजून बरेच हवे होते, आणि मी मनात म्हटलं, आता सातवी. आता यांची घाई सुरू होणार, विकेट पडणार, आणि मला काही करावंच लागणार नाही. शेवटचा एक दिवस स्वेटरवर निघेल.

सातवी सुरू झाली. त्यांचा बॅट्समन, दाढीवाला, आयटीत असावा असा चष्मा, त्याने पहिला बॉल ढकलून एक रन घेतला. त्याच्या जोडीदाराने बॅट फिरवायला उचलली तर हा अर्ध्या पिचवर येऊन मोठ्याने म्हणाला, "चिल कर. घाई कशाला? लास्ट ओव्हर स्वेटरवाल्या काकांची आहे."

तो हळू बोलला असता तरी मला ऐकू आलं असतं. पण तो हळू बोलला नाही, हळू बोलावं असं त्याला वाटलंच नाही. ते थांबले होते. इतकी वर्षं लोक माझ्या ओव्हरच्या आधी पळापळ करायचे, आणि आज हे दोघं माझ्या ओव्हरसाठी निवांत थांबले होते. एकेक रन घेत, हसत, ग्लोव्हजला ग्लोव्हज लावत. बातमी माझ्या नावापर्यंत पोहोचली होती. मला राग आला नाही. उन्हाने माणूस थकतो तसा एकदम थकलो. इतका की वाटलं इथेच उसाच्या बांधावर बसावं.

सातवी संपली. शेवटच्या ओव्हरला नऊ हवे. बापू विकेटमागून निघाला. ग्लोव्हज काखेत, हातात बॉल. मैदान ओलांडून चालत आला, नेहमीसारखा, मान खाली. मी परत कसा द्यायचा याची मनात तालीम करत होतो. बापू जवळ आला. बॉल हातात ठेवला नाही. उभाच राहिला. माझ्याकडे बघितलं, उजव्या बाहीकडे बघितलं.

"दामू," म्हणाला, "जमंल का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या कारकुनानंतर पहिल्यांदा. तीन वर्षं जे दार मी ढकलत होतो ते त्याने आपणहून उघडलं, आणि मला आत जावंसं वाटेना. कारण हा प्रश्न कोणालाही विचारता येतो, पण शेवटच्या ओव्हरवाल्याला विचारला की तो शेवटच्या ओव्हरवाला राहत नाही. हे मला माहीत होतं. बापूला माझ्याहून जास्त माहीत होतं, नेम त्याचाच होता.

"नाही," मी म्हटलं.

बापूने मान डोलावली. "म्हाईत हाय. वहिनींनी तीन वर्सांमागंच सांगितलं."

"मग बॉल कशाला देत होतास रे?"

"मला म्हाईत हुतं. लोकांस्नी न्हवतं." मग त्या दाढीवाल्याकडे हनुवटी उडवून म्हणाला, "आता त्येंलाबी कळलं."

एवढंच. ग्लोव्हज दुसऱ्याला देऊन बापू स्वतःच बोलिंगला गेला. पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर वाकून कीपिंग केलेला, त्याची बोलिंग म्हणजे पोत्यातून बटाटा ओतावा तशी. माइकवाला म्हणाला, "धायरीच्या स्वेटरला आज सुट्टी." कोणीतरी हसलं. मी स्वेटर काढला नाही. काढून कोणाकडे देणार? अंपायरकडे देण्याची वेळ माझी नव्हती.

आणि बापूने टाकली बरं का. कशी टाकली देव जाणे, पण बॅट्समन माझ्या ओव्हरसाठी सजून बसले होते, बापूच्या बटाट्यांसाठी नाही. एकाला चौकार गेला, तीन चुकले, एकावर एक रन पळून झाला. शेवटच्या बॉलला चार हवे. बापूने टाकला, दाढीवाल्याने उचलला, आणि बॉल उंच, फार उंच, सरळ माझ्याकडे यायला लागला.

जिथे बॉल येत नाही तिथे मला उभं करत आले होते. आज तो आला. मी त्याच्याखाली पोहोचलो. दोन्ही हात वर केले असं मला वाटलं. डावा गेला. उजवा छातीशी आला, थांबला आणि मांजरासारखा तिथेच बसला. बॉल डाव्या बोटांना लागला, हे मी शपथेवर सांगतो, आणि डोक्यावरून मागे उसात गेला. पानांचा आवाज झाला. मग मांजरीकरांचा.

चषक त्यांना गेला. दाढीवाला पोरगा येऊन पाया पडला, "सॉरी काका, गेम आहे," म्हणाला. चांगला पोरगा आहे, मिक्सर त्यालाच मिळाला. आमची माणसं बॅगा भरायला लागली. मी तिथेच उभा, आणि पाहतो तर बापू मांडवाकडे न जाता माझ्या बाजूने उसात शिरला. मी म्हटलं, "अरे, सामना संपला, बॉल कशाला शोधतोस?" आतून पाचट मोडल्याचा आवाज येत राहिला, मधूनच एखादी शिवी, उसाला किंवा गुडघ्याला. बराच वेळ गेला. मांडवात भाऊंचं भाषण सुरू झालं आणि संपलंसुद्धा, यावरून वेळेची कल्पना करा.

बापू बाहेर आला तो पानांनी ओरबाडलेला, केसांत तुसं. हातात बॉल. पार टकला झालेला, एकही केस नाही, मला हवा असायचा अगदी तसा. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बॉल माझ्या उजव्या हातात ठेवला, पाठ फिरवली, आणि मान खाली घालून चालायला लागला.

मग मी स्वेटर काढला.